तलाठी ताई, त्या रविवारबद्दल

तलाठी ताईंना,

स. न. वि. वि.

पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आमच्या तोंडी अजून तलाठीच बसलंय, तेवढं चालवून घ्या.

जूनच्या वादळात रावेर तालुक्यातली आमची केळीची बाग तासाभरात आडवी झाली. घड पंधरा दिवसांत कापणीला येणार होते. पंचनाम्याआधी बाग साफ करता येईना, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असल्याचं कागदावर आलं नाही तर मदत मिळत नाही. तुमच्याकडे तीन सज्जांचं, म्हणजे तीन तलाठ्यांच्या हद्दींचं काम होतं. एक मूळचा, दोन अतिरिक्त. तिन्हीकडे बागा पडलेल्या.

२९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुटी आहे. तुम्ही आमच्या बांधावर आलात तो रविवारच होता, संध्याकाळचे साडेसात. सोबत कृषी सहायक आणि ग्रामसेवक. काका तुमच्यावर ओरडले, "चार दिवसांनी येताय, आता काय बघणार?" तुम्ही उलट बोलला नाहीत. मोबाइलच्या उजेडात ओळी मोजत राहिलात. काकांना ते अजून खातंय. हे पत्र त्यांनीच लिहायला लावलंय.

सातबारा वडिलांच्याच नावावर होता, आणि ते जाऊन दोन महिने झाले होते. हे तुमच्याच लक्षात आलं. पैसे मंजूर झाले तरी घेणार कोण? कागदाच्या पाठीमागे तुम्ही लिहून दिलंत: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचे आधार, बहिणीचं नावही, ते राहिलं तर नोंद अडकेल. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस पंधरा दिवसांची, म्हणून उद्याच अर्ज द्या म्हणालात. तो कागद आईने जपून ठेवलाय. नोंद झाली, मदत तिच्या खात्यावर आली.

२०२३ मध्ये ४६४४ तलाठी पदांची जाहिरात निघाली, दहा लाखांवर अर्ज आले. माझ्या चुलतभावाचाही होता. काम करायला पोरं तयार असताना एका बाईच्या गळ्यात तीन सज्जे अडकवणं मला पटत नाही. रिकामी पदं वेळेवर भरा, हे आम्ही शेतकऱ्यांनीही मागायला हवं. तुमची सुटी आमच्या कामात गेली, तिची भरपाई आम्ही करू शकत नाही.

त्या रात्री आईने दिलेली भाकरी तुम्ही गाडीच्या डिकीत ठेवलीत, कारण अजून दोन शेतांचे गट बघायचे बाकी होते. आईचा निरोप आहे: एकदा काही काम नसताना या, कळण्याची भाकरी आणि ठेचा निवांत बसून खायला.

आपला,
एक केळी उत्पादक