मदत-मैफलींचा हिशेब मांडा

संपादक महोदय,
बडे कलाकार परदेशातल्या गरिबांसाठी गातात, त्याने खरंच कुणाच्या पोटात चार घास जातात का? माझ्या मते जातात, पण पैसा वेळेवर पोहोचला तरच.

१ ऑगस्ट १९७१ रोजी पं. रविशंकर आणि ‘बीटल्स’ बँडचे जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला मिळाले. ध्वनिमुद्रिकेची त्याहून कितीतरी मोठी रक्कम मात्र अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकली, कारण करमाफीची कागदपत्रं आधी झालीच नव्हती. त्याच १९७१ साली इकडे निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याने माणसं मरत होती. हे वाचताना आजही जीव तुटतो.

२००५ च्या ‘लाइव्ह ८’ या अनेक देशांतल्या मैफलींनी पैसे मागितले नाहीत, गरीब देशांचं कर्ज माफ करा, असा श्रीमंत देशांकडे आग्रह धरला. मला हे जास्त मोलाचं वाटतं. हप्ता टळला की तोच पैसा दरवर्षी शाळा-दवाखान्याला लावता येतो. एका रात्रीच्या गल्ल्याला ते कसं जमणार?

आपल्या वडोदऱ्यातही मदतीसाठी गाण्याचे कार्यक्रम होतात. पावतीपुस्तक फिरतं, स्टेजवर पुठ्ठ्याचा भला मोठा चेक देतानाचा फोटो निघतो. पुढे काय झालं, कोण सांगतं? आयोजकांनी मांडव, माईक, मानधन धरून सगळा जमाखर्च सहा महिन्यांच्या आत सभागृहाच्या फलकावर लावावा आणि पैसे पोहोचल्याची पावतीही सोबत जोडावी.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा