युरेनियमचे गोळे कुठे डागले, ते सांगायलाच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२३ साली ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने युक्रेनला निःसत्त्व युरेनियमचे तोफगोळे देऊ केले. तेव्हापासून यांची बातमी आली की मथळ्यात अणुबॉम्ब डोकावतोच. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला हे फार खटकते. या गोळ्यात अणुस्फोट होत नाही, होऊच शकत नाही.

खाणीतल्या युरेनियममध्ये अणुभट्टीला हवा असलेला हलका प्रकार, युरेनियम-२३५, जेमतेम ०.७ टक्के असतो. बाकी जवळजवळ सगळे किंचित जड युरेनियम-२३८. इंधनासाठी २३५ चे प्रमाण साधारण ३ ते ५ टक्क्यांवर न्यावे लागते. म्हणून युरेनियम हेक्झाफ्लोराइडचा वायू प्रचंड वेगाच्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. २३८ चे जड रेणू कडेला सरकतात, २३५ चे हलके मधून काढून घेतात. मागे राहतो तो चोथा, म्हणजेच निःसत्त्व युरेनियम. त्यात २३५ उरते ०.२ ते ०.३ टक्के. एक किलो इंधनामागे हा चोथा सहा-सात किलो तरी साठतो, त्यामुळे शस्त्रांच्या कारखान्यांना तो स्वस्तात मिळत आला आहे.

त्याचा पुन्हा धातू करून, किंचित टायटॅनियम मिसळून लांब सळई घडवतात. हा धातू शिशाच्या सुमारे १.७ पट जड. सळईत स्फोटक नसतेच; नुसत्या वेगाने ती रणगाड्याचे चिलखत भेदते. अशाच टंगस्टन धातूच्या सळईचे टोक आदळल्यावर चेपते, युरेनियमचे मात्र कडेने झडत झडत अणकुचीदारच राहते. झडलेले कण पेट घेतात आणि त्यांची बारीक भुकटी होते.

धोका आहे तो या भुकटीत. ती किरणोत्सारी असते; तिच्यातून निघणारे अल्फा कण कातडीबाहेर अडतात, पण ती श्वासातून आत गेली तर गोष्ट वेगळी. शिवाय युरेनियम हा विषारी जड धातू आहे, मूत्रपिंडाला घातक. जळक्या रणगाड्यात शिरणारे सैनिक, भंगार वेचणारे, तिथे खेळणारी मुले यांना हे कोण सांगणार? नाटोने जिथे हे गोळे वापरले त्या, पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या कोसोव्होत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण पथकाला सर्वदूर प्रदूषण आढळले नाही, हेही नमूद करतो. तरीही त्यांनी खबरदारी घ्यायला सांगितलेच.

पण खबरदारी घ्यायला जागा माहीत हवी. कोसोव्होतले युद्ध जून १९९९ मध्ये थांबले. तिथे युरेनियमच्या सुमारे ३१,००० गोळ्या झाडल्याचे नाटोने संयुक्त राष्ट्रांना कळवले ते २००० साली. तोवर लोक घरी परतून शेतीला लागले होते. १९९१ च्या आखाती युद्धात तर सुमारे ३०० टन युरेनियम वापरले गेले. मारा कुठे केला याची माहिती बाधित देशाने मागितल्यास द्यावी, एवढीच विनंती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० च्या ठरावात केली होती. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी त्यालाही विरोध केला.

आपल्या वार्ताहरांना एकच विनंती. यापुढे या गोळ्यांची बातमी देताना, ते डागल्याच्या जागांची नोंद कोण ठेवते आणि ती तिथल्या रहिवाशांना कधी मिळणार, एवढे जरूर विचारा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक