मुलांसाठी लिहायचंय? मग आधी बालविभागात नोकरी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीतला मुलांसाठी लिहिण्याबद्दलचा लेख वाचला. चांगला होता, पण सगळा भर कल्पनाशक्ती, वर्कशॉप आणि प्रकाशक कसा गाठायचा यावरच. मी बालविभागात ग्रंथपाल आहे आणि मुलांसाठी लिहितेही, त्यामुळे एक रस्ता राहून गेला असं वाटलं.

ग्रंथपाल म्हणजे शिक्के मारणारी बाई, असं अजूनही कितीतरी जणांना वाटतं. डिग्रीला आम्ही वर्गीकरण शिकतो, ड्युई पद्धतीत (प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत) डायनासोर ५६७.९ ला हे पाठ होतं, आणि मग काउंटरवर एक पोरगं येऊन म्हणतं, "ते निळं पुस्तक द्या ना, ज्यात कुत्रा हरवतो." मग कुत्रा कोणाचा होता, शेवटी सापडला का, चित्रं रंगीत होती का असं विचारत विचारत आपण कपाटापाशी पोचतो आणि बघतो तर पुस्तक हिरवं आणि हरवलेलं मांजर! पण त्यातून कळतं की मुलाच्या डोक्यात काय उरतं. लेखकाचं नाव तर सोडाच, गोष्टीतून काय शिकलो तेही नाही. उरतो एखादा प्रसंग, जेव्हा त्याला भीती वाटली किंवा जाम हसू आलं.

दुसरं म्हणजे गोष्ट वाचून दाखवणं. घरी चार वेळा वाचून सुंदर वाटलेलं वाक्य मुलांसमोर वाचलं की मागच्या रांगेत चपलेचं वेल्क्रो चर्र वाजतं, म्हणजे समजायचं की वाक्य लांबलंय, इतका प्रामाणिक संपादक मिळणार नाही (तुमची माफी मागून). चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं कारण छपाईचा मोठा कागद दुमडून आठ-सोळाच्या पटीत पानं पडतात, पण त्यात पान नेमकं कुठे उलटायला हवं हे वाचून दाखवतानाच कळतं. उत्सुकता पान उलटायच्या आधी संपली की पोरं उठली.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. मुलांच्या लेखिका बेव्हर्ली क्लिअरी १९३९ पासून अमेरिकेत याकिमाला बालग्रंथपाल होत्या, तिथली मुलं विचारायची की आमच्यासारख्या पोरांची पुस्तकं कुठायत, आणि कपाटात ती नव्हतीच. त्यांचं पहिलं पुस्तक आलं १९५० मध्ये. पुरा बेलप्रे १९२१ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात होत्या, आपल्या प्वेर्तो रिकोच्या लोककथा तिथे पुस्तकात नाहीत हे बघून त्यांनी त्या मुलांना सांगायला सुरुवात केली आणि १९३२ ला त्यातली एक छापून आली. दोघींनाही विषय कपाटातल्या रिकाम्या जागेनेच दिला.

अर्थात ही नोकरी म्हणजे खिडकीत बसून लिहिणं नव्हे, दिवस जातो फाटकी पुस्तकं चिकटवण्यात, जुनी बाद करण्यात आणि "अजून चित्रांचंच घेतोस? मोठं पुस्तक घे" म्हणणाऱ्या आईबाबांना समजावण्यात. हे शेवटचं सगळ्यात अवघड. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सूत्रात मांडलंय की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, त्याचं, त्याच्या आईचं नाही! आणि स्वतःचं पुस्तक कोणाच्या हातात कोंबायचं नाही हा माझा नियम, कपाटात ठेवायचं आणि गप्प बसायचं. कोणी नेलं नाही तर तेही उत्तरच.

एक विनंती. पुरवणीत बालपुस्तकांची परीक्षणं येतात ती सगळी मोठ्यांनी लिहिलेली असतात. त्याखाली दोन ओळी, हे पुस्तक कोणत्या वयाच्या मुलाने स्वतःहून वाचलं आणि कुठे सोडलं, एवढं छापता येईल का?

आपली,
एक बालग्रंथपाल