सणांची हस्तकला मुलांच्या हाती राहावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेली नऊ वर्षे मी पती आणि दोन मुलांसह जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात राहते. आपले दैनिक आम्ही इथे इंटरनेटवर नियमित वाचतो. संक्रांत जवळ आली की त्यात हलव्याच्या दागिन्यांच्या तयार संचांच्या जाहिराती दिसू लागतात आणि त्याच सुमारास पुण्याहून सासूबाईंचा फोन येतो, "अगं, धाकट्याच्या बोरन्हाणासाठी संच पाठवू का?" गेली दोन वर्षे मी त्यांना नको म्हणते आहे, कारण हलवा आणि दागिने आम्ही आता घरीच करतो. हे मी का करू लागले आणि त्यातून आपल्याकडील सणांविषयी काय वाटू लागले, ते सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

डिसेंबरात इथे सकाळी आठपर्यंत उजाडत नाही आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. या काळोखावर इथल्या लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे दिवे आणि हातकाम. सुरुवात ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवसाने होते. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणाऱ्या या संताच्या स्मरणार्थ मुले संध्याकाळी हातात कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने जातात. मुलगी बालवाडीत गेली त्या पहिल्या वर्षी मी दुकानातून एक सुबक कंदील आणून ठेवला होता. तो पाहून तिच्या शिक्षिकेने मला शांतपणे सांगितले की, मुले स्वतः केलेलाच कंदील घेऊन चालतात आणि त्यासाठी गुरुवारी दुपारी पालकांनी येऊन मुलांसोबत बसायचे असते. त्या दुपारी आम्ही वीस-बावीस आईवडील गुडघे पोटाशी घेऊन मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो होतो. फुगवलेल्या फुग्यावर पातळ रंगीत कागदाचे तुकडे खळीने एकावर एक चिकटवायचे, ते वाळले की फुगा फोडायचा आणि उरलेल्या कागदी गोलात दिवा सोडायचा, एवढीच ती कृती. खळीच्या त्या वासाबरोबर मला माझे वडील आठवले. दिवाळीआधीच्या रविवारी ते बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने बांधून, त्यावर घोटीव कागद चढवून आकाशकंदील करीत आणि झिरमिळ्या कातरण्याचे काम माझ्याकडे असे. आमच्या घरी तो कंदील माझ्या दहावीच्या वर्षी अखेरचा झाला. त्यानंतर विकतचाच आला आणि त्याचे कोणालाच काही वाटले नाही, मलाही नाही.

ड्रेस्डेनच्या पूर्वेला तास-दीड तासाच्या अंतरावर हेर्नहूट नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या कागदी ताऱ्याचा उगम एकोणिसाव्या शतकात मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळांमध्ये झाला. मुलांना भूमिती शिकवण्यासाठी हा तारा करवून घेत असत, आणि मग मुले तो आपापल्या घरी करू लागली. आज तो कारखान्यात तयार होतो. त्याला चौकोनी तळाची १७ आणि त्रिकोणी तळाची ८ अशी २५ टोके असतात. मात्र सुटे भाग आणून ती टोके एकेक करून घरीच जोडण्याची पद्धत अजून टिकून आहे आणि त्यात आमचा एक अख्खा रविवार जातो. तारा कधी लावायचा याचेही भान इथे पाळले जाते. मृतांच्या स्मरणाचा नोव्हेंबरातील रविवार उलटल्याशिवाय खिडकीत दिवे लावणे जुन्या माणसांना रुचत नाही. त्यापुढच्या रविवारी, नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांतील पहिल्या दिवशी, आमच्या गल्लीत संध्याकाळी एकदम तारे उजळतात, आणि ते पाहताना मला दरवर्षी वसुबारसेच्या संध्याकाळची आठवण होते.

त्या चार रविवारांसाठी हिरव्या फांद्यांच्या कड्यावर चार मेणबत्त्या लावतात आणि दर रविवारी एक अधिक पेटवतात. हांबुर्ग येथे अनाथ व गरीब मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये, नाताळ कधी येणार असे सारखे विचारणाऱ्या मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही पद्धत सुरू झाली. आमच्याकडे कडे बांधण्याचे काम मुलीचे. ४ डिसेंबरला चेरीच्या फांद्या तोडून पाण्यात ठेवतात, म्हणजे नाताळपर्यंत त्यांना फुले येतात; पाणी बदलण्याचे काम तीन वर्षांच्या धाकट्याचे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजीबाईंनी आम्हाला गव्हाच्या काडाचे तारे शिकवले. काड रात्रभर भिजत घालायचे, चिरून इस्त्रीने सपाट करायचे आणि लाल दोऱ्याने मधोमध असे बांधायचे की एकही काडी सरकू नये.

हे सारे सांगताना एक गोष्ट लपवू नये असे वाटते. १४३४ पासून भरणाऱ्या इथल्या नाताळच्या बाजारात सुक्या आलुबुखाऱ्यांचे, धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या रूपातले छोटे बाहुले विकतात. ते एके काळी गरिबांची मुले रात्री जागून करीत आणि थंडीत उभी राहून विकत. हाताने केलेल्या प्रत्येक वस्तूमागे हौसच होती असे इथेही नाही आणि आपल्याकडेही नाही. म्हणूनच ज्या भगिनी आज घरी हलव्याचे दागिने करून संसाराला हातभार लावतात, त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे आणि त्यांच्याकडून कोणी घेऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही.

६ जानेवारीनंतर इथल्या खिडक्यांतले दिवे हळूहळू निघू लागतात, वाळलेली नाताळची झाडे रस्त्याच्या कडेला येऊन पडतात आणि गल्ली पुन्हा काळोखी होते. आमच्या घरात मात्र त्याच आठवड्यात परात निघते. पहिल्या वर्षी मी घाई केली. एकाच वेळी पळीभर पाक ओतला आणि तिळाचे गोळे झाले. सासूबाईंनी फोनवर ते पाहिले आणि म्हणाल्या, "एका वेळी चमचाभरच पाक घाल. दाणे परातीत कोरडे वाजायला लागले की मगच दुसरा चमचा." त्या आवाजाकडे लक्ष द्यायला मुले माझ्याही आधी शिकली. दुधाचा हबका देऊन मळी काढलेला एकतारी पाक, अगदी मंद आच आणि बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहणे, असे रोज तासभर चालते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दाण्यावर काटा दिसू लागतो. कोरडी थंडी पडली की हलव्याला काटा चांगला फुटतो, असे आपल्याकडे म्हणतात. इथे हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. हलव्याला मात्र ती मानवते. तीळ, खसखस, साबुदाणा असे निरनिराळे दाणे घेतले की निरनिराळ्या आकाराचा हलवा मिळतो आणि मग काळ्या कापडावर मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा आणि बासरी आकार घेते. आमचा मुकुट वाकडा झाला होता, पण लेकीने त्यातला एकेक दाणा स्वतः ओवलेला होता, आणि भावाच्या डोक्यावर तो ठेवताना तिचा जो चेहरा झाला तो मी विसरणार नाही. बोरे आणि हरभऱ्याचे घाटे इथे मिळत नाहीत, म्हणून बोरन्हाणाला चुरमुरे, शेंगा, लहान संत्री आणि अक्रोड घेतले. गल्लीतली मुले ते वेचायला धावली, तिळगूळ घेऊन गेली, आणि खालच्या आजीबाई बराच वेळ हलव्याचा एक दाणा तळहातावर घेऊन त्याचा काटा निरखत बसल्या.

परदेशातल्या मुलांना आपले सण कळणार नाहीत, अशी काळजी नातेवाईक आम्हाला नेहमी बोलून दाखवतात. पण गेल्या हिवाळ्यात पुण्याला आलो तेव्हा मला उलटाच अनुभव आला. ओळखीच्या चार घरांत संक्रांत झाली. चारही ठिकाणी दागिने, तिळगूळ आणि गुळाच्या पोळ्या बाहेरून आल्या होत्या, आणि मुलांच्या वाट्याला कपडे घालून छायाचित्रासाठी उभे राहण्यापलीकडे काही काम नव्हते. आईवडील दोघेही नोकरी करतात आणि प्रवासात त्यांचे तीन-तीन तास जातात, याची मला पूर्ण जाणीव आहे. मी त्यांना दोष देत नाही. इथल्या आईवडिलांना ही दुपार मिळते, कारण शाळा ती मागून घेते. आपल्याकडे कार्यानुभव हा विषय आहे, पण त्यातल्या वस्तू अनेकदा आदल्या रात्री आई करते किंवा दुकानातून आणते, कारण त्याला गुण असतात. वास्तविक हा विचार आपल्याला परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरात सहज मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंनाच त्यांनी मुलांची साधने केले. कामट्या, खळ, तीळ आणि साखर यांनाही फारसे पैसे पडत नाहीत.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. शाळांनी दिवाळीपूर्वी आणि संक्रांतीपूर्वी एकेक दुपार, गुण न देता, पालकांना बोलावून मुलांसोबत बसवावे. पहिल्या दुपारी कंदील आणि दुसऱ्या दुपारी हलव्याचा एखादा लहानसा हार, एवढे पुरे आहे. आणि आपण आपल्या पुरवणीत, संक्रांतीच्या किमान तीन आठवडे आधी, हलवा घरी करणाऱ्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील अनुभवी स्त्रियांकडून त्यांची कृती तपशीलवार लिहून घेऊन छापावी. पाकाची खूण कोणती, आच किती, काटा न आल्यास काय करायचे, या गोष्टी त्यांच्या हातात आहेत आणि माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत त्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. सासूबाईंनी फोनवर सांगितलेली कृती माझ्या मुलीने वहीत उतरवून घेतली आहे, काही शब्द देवनागरीत आणि काही जर्मनमध्ये. आपणास उपयोगी वाटल्यास ती नीट मराठीत लिहून पाठवण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, ड्रेस्डेन (जर्मनी)