खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या क्लेममधून कापलेले ८५,५०० रुपये परत मिळण्याबाबत

पुणे, १४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे बेचाळीस मिनिटे बोलणे झाले. या विषयावरचा तो माझा सहावा फोन होता आणि शेवटचाही. यापुढे मला जे सांगायचे आहे ते मी लेखी सांगेन आणि आपले उत्तरही मला लेखीच हवे आहे.

माझ्या आईच्या नावे (वय ६८) आपली पाच लाखांची पॉलिसी २०१६ पासून एकही वर्ष खंड न पडता चालू आहे. यंदाचा हप्ता, वस्तू व सेवा करासह ३१,८६० रुपये, मुदतीच्या आठ दिवस आधी भरलेला आहे. नऊ वर्षांत आम्ही एकदाही क्लेम केला नव्हता. १९ जुलैच्या संध्याकाळी वाईच्या घरी न्हाणीघराच्या पायरीवरून आई घसरली आणि तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. आपल्याच यादीतल्या पुण्याच्या रुग्णालयात तिला त्या रात्री दाखल केले, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून हाडात रॉड आणि स्क्रू बसवले आणि २३ जुलैला घरी सोडले. बिल ३,४०,००० रुपयांचे झाले. आपण २,०७,५०० रुपये मंजूर केले आणि उरलेले १,३२,५०० आम्हाला काउंटरवर भरावे लागले.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि आईला मिळालेली खोली ८,००० रुपयांची होती, हे मी कधीही नाकारलेले नाही. त्या रात्री मर्यादेत बसणारी एकही खाट रिकामी नव्हती, तसे रुग्णालयाचे पत्र मी २५ जुलैच्या ईमेलसोबत पाठवले आहे. तरीही जास्तीचे भाडे आम्ही सोसायचे, हेही मी मान्य केले. माझी तक्रार त्यापुढची आहे. खोलीभाडे आठ हजारांचे पाच हजार झाले म्हणून आपण आठ हजारांचा बिगरवैद्यकीय खर्च वगळून उरलेल्या सबंध बिलाला, म्हणजे ३,३२,००० रुपयांना, तेच साडेबासष्ट टक्क्यांचे प्रमाण लावले. त्यात ९६,००० रुपयांचे इम्प्लांट, म्हणजे तो रॉड आणि स्क्रू, होते, ५८,००० रुपयांची औषधे व शस्त्रक्रियेचे साहित्य होते, २६,००० रुपयांच्या तपासण्या होत्या. या तिन्ही बाबींवर प्रमाणशीर कपात करता येणार नाही, असे विमा नियामक प्राधिकरणाने जून २०२० च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलेले आहे, आणि आपल्या स्वतःच्या पॉलिसीपत्रात ‘संलग्न वैद्यकीय खर्च’ या शब्दांची जी व्याख्या छापली आहे तीही तेच सांगते. हे मला शोधून काढावे लागले. आपल्या क्लेम विभागाला ते शोधावे लागत असेल असे मला वाटत नाही.

हिशेब पुन्हा मांडते, कारण आधीच्या दोन्ही ईमेलना उत्तर म्हणून फक्त तक्रार क्रमांक आला. इम्प्लांट, औषधे व साहित्य आणि तपासण्या मिळून १,८०,००० रुपये होतात. त्यांच्यावर आपण कापलेले ६७,५०० रुपये आईचे आहेत. डॉक्टर, भूल, शुश्रूषा आणि शस्त्रक्रियागृह यांचे मिळून १,१२,००० रुपये झाले, त्यांतले शस्त्रक्रियागृहाचे ४०,००० रुपये या रुग्णालयात कोणत्याही वर्गाच्या रुग्णाला सारखेच लागतात. तसे दरपत्रक मी जोडले आहे. खोलीच्या वर्गानुसार जो दर बदलतच नाही त्यावर खोलीच्या प्रमाणात कपात करायची नाही, हाही त्याच परिपत्रकातला नियम आहे. म्हणून तिथले १५,००० रुपये. बाकीच्या ७२,००० रुपयांवरची २७,००० रुपयांची कपात मला मान्य आहे आणि ती मी मागत नाही.

राहिले ३,००० रुपये. रक्कम लहान असली तरी ती मी सोडणार नाही. २३ जुलैला डिस्चार्जची विनंती रुग्णालयाने सकाळी अकरा वाजता आपल्या टीपीएकडे, म्हणजे आपल्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडे, पाठवली. प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी होती आणि उशीर झाला तर वाढलेला खर्च विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून द्यायचा आहे. मंजुरी रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी आली. तोपर्यंत पाचव्या दिवसाचे ८,००० रुपये खोलीभाडे लागले होते, त्यातले पाच हजार आपल्या हिशेबात धरले गेले आणि तीन हजार आमच्या माथी मारले गेले. तीन दिवसांपूर्वी खुब्यात रॉड बसवलेली बाई त्या दिवशी घरी जायचे लुगडे नेसून साडेनऊ तास पलंगाच्या कडेला टेकून होती, कारण दर तासाला कोणीतरी येऊन ‘आता येईल मंजुरी’ असे सांगत होते.

आता आजच्या फोनबद्दल लिहिते. पहिल्या दोघांनी पॉलिसी क्रमांक, जन्मतारीख आणि तक्रारीचा मजकूर पुन्हा विचारून घेतला आणि फोन पुढे दिला. तिसरे गृहस्थ स्वतःला वरिष्ठ अधिकारी म्हणवत होते. मी त्यांना विचारले, की इम्प्लांटवरची कपात पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली केली? ते म्हणाले, ‘सिस्टिममध्ये तसंच येतं.’ मी म्हटले, सिस्टिम हे कलम नव्हे. क्लेम अंशतः नाकारला तरी पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा संदर्भ द्यावा लागतो. ते म्हणाले, ‘ते टीपीएला विचारा.’ टीपीएने मला ३१ जुलैला कंपनीला विचारायला सांगितले होते, हे मी त्यांना सांगितले. मग मी त्यांना अगदी साधा प्रश्न विचारला, आणि तो उपरोधाने नव्हे तर खरोखर उत्तर हवे म्हणून विचारला: आई पाच हजारांच्या खोलीत असती तर तिच्या हाडात बसवलेल्या रॉडची किंमत कमी झाली असती का? थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. त्यानंतर म्हणाले, ‘मॅडम, मर्यादा माहीत असताना महागड्या खोलीची हौस कशाला करायची?’

हौस. हा शब्द मी त्यांना पुन्हा उच्चारायला सांगितला आणि त्यांनी तो पुन्हा उच्चारला. रात्री साडेदहाला, पाय हलवता येत नाही, वेदनेने ओठ पांढरे पडलेले, अशा अवस्थेत स्ट्रेचरवर असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईने कसली हौस केली? जी बाई आजही वाईहून पुण्याला यायचे तर लाल गाडीचे अर्धे तिकीट मिळते म्हणून दुसरे कोणतेही वाहन घेत नाही, तिच्याबद्दल हा शब्द वापरला गेला. मी त्यांचे नाव विचारले. ‘नाव सांगायची पद्धत नाही’ असे उत्तर आले आणि फोन बंद झाला. आपल्याकडे संभाषणाचे ध्वनिमुद्रण होते असे प्रत्येक फोनच्या सुरुवातीला ऐकवले जाते. सकाळी १०.२० ते ११.०२ या वेळेतले ते मुद्रण आपण स्वतः ऐकावे आणि जपून ठेवावे, कारण ते मी पुढे मागणार आहे.

१,३२,५०० रुपये कसे उभे राहिले तेही आपल्याला माहीत असावे. ८०,००० रुपयांसाठी आईच्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवल्या. ३०,००० रुपये माझ्या क्रेडिट कार्डावर गेले आणि आता त्यांचे हप्ते चालू आहेत. उरलेले मामाने दिले आणि परत मागितलेले नाहीत, याचे आईला जास्त वाईट वाटते. पतसंस्थेचे व्याज दरमहा चढते आहे आणि आपले तक्रार क्रमांक वाढत आहेत. जे पैसे कापायचा आपल्याला अधिकारच नव्हता, त्या पैशांसाठी आईच्या हातातले सोने काढावे लागले, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. तिला वाटते की हॉस्पिटलच्या बिलात माणसाने भांडू नये. इम्प्लांटवरची कपात नियमाविरुद्ध आहे हे तिला मी चार वेळा समजावले आहे आणि आपल्याला हे तिसऱ्यांदा लिहिते आहे.

माझी मागणी एवढीच आहे: ६७,५००, १५,००० आणि ३,००० मिळून ८५,५०० रुपये द्यावेत; जी रक्कम देणार नाही तिच्यासमोर पॉलिसीच्या कलमाचा क्रमांक लिहावा; आणि आजच्या शब्दाबद्दल आईची लेखी क्षमा मागावी. माझ्या पहिल्या लेखी तक्रारीला २५ ऑगस्टला महिना पूर्ण होतो. तोपर्यंत हे झाले नाही तर दुसऱ्याच दिवशी मी नारायण पेठेतल्या विमा लोकपालांच्या कार्यालयात अर्ज देईन. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, याची मी माहिती घेतलेली आहे. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदवेन. फोनवर झालेल्या अपमानासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागले तर तिथेही जाईन.

२०१६ साली ही पॉलिसी मी स्वतः निवडली. तीन कंपन्यांची माहितीपत्रके स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरून आईला वाचून दाखवली होती आणि आपलीच चांगली, असे मीच म्हणाले होते. नंतर माझ्या बहिणीने आणि कार्यालयातल्या दोघींनी माझ्या सांगण्यावरून आपलीच पॉलिसी घेतली. त्या तिघींना हे पत्र मी आज पाठवते आहे.

रुग्णालयाचे तपशीलवार बिल, दरपत्रक, खाटा उपलब्ध नसल्याचे पत्र, इम्प्लांटचे स्टिकर असलेला डिस्चार्ज कागद आणि माझे २५ जुलै व २ ऑगस्टचे ईमेल सोबत जोडले आहेत. रक्कम आईच्या नोंदवलेल्या बँक खात्यातच जमा करावी. धनादेश पाठवू नये. तो भरायला बँकेपर्यंत चालत जाणे तिला अजून जमत नाही.

पॉलिसीधारकाची मुलगी व नॉमिनी