ते घर माँ जोड चालवते

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (1939) या कादंबरीवरचा लेख वाचला. जोड कुटुंबातला मुलगा टॉम आणि माजी धर्मोपदेशक केसी यांच्याबद्दल भरभरून लिहिलंय, अमेरिकेतल्या ओक्लाहोमातल्या कुळांना बँकांनी कसं हुसकावलं तेही नीट आलंय. टॉमच्या आईला, माँ जोडला मात्र ‘त्यागमूर्ती’ म्हणून दोन ओळींत आटोपलंय. मला हे अजिबात पटलं नाही. त्या घराचे निर्णय ती घेते.

घरदार सोडून कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघाल्यावर वाटेत मोटार बिघडते. दोघांनी दुरुस्तीला मागे थांबावं, बाकीच्यांनी पुढे निघावं, असं पुरुष ठरवतात. माँ जॅकचा दांडा उचलून उभी राहते आणि नवऱ्याला बजावते, की मला मारल्याशिवाय इथून हलवता येणार नाही. माघार त्यालाच घ्यावी लागते. वाळवंटात सासू दगावते, तेव्हा तपासणी नाक्यावर ‘म्हातारी आजारी आहे’ असं सांगून गाडी पुढे काढायला लावणारीही तीच.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मळ्यावरच्या दुकानातला प्रसंग. घरादाराने पीच तोडून मिळवलेली एक डॉलरची चिठ्ठी, तीही त्याच दुकानात चालणारी, आणि भाव गावापेक्षा चढे. मांस, पाव, बटाटे, कॉफी घेता घेता डॉलर संपतो. साखरेला दहा सेंट कमी पडतात. ती दुकानातल्या नोकराशी भांडते, हुज्जत घालते, शेवटी तो स्वतःच्या खिशातून भरतो. अडल्या वेळी गरीबच गरिबाला हात देतो, हे तिथे ती बोलून दाखवते.

इंदूरच्या कापडगिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा बाबांचीही नोकरी गेली, देणी अडकली. वाण्याची वही आईच्या हातात आली. तेल पावशेर, चहाला गूळ. देवासहून काका आले, धाकट्याला नेतो म्हणाले. बाबा गप्प. आई म्हणाली, “भाऊजी, चहा घ्या. पोरगा कुठे जाणार नाही.” मग तिने रेडीमेडवाल्यांकडून शर्ट आणून काज-बटणं करायला घेतली. गठ्ठा मोजून घ्यायची, मोजून द्यायची, आणि मजुरी हातात पडेपर्यंत दुकानातून हलायची नाही. तिला कुणी त्यागमूर्ती म्हटलं असतं, तर तिने आधी गेल्या गठ्ठ्याचे पैसे मागितले असते.

लेखकाला माझी विनंती आहे, माँवर स्वतंत्र लिहा आणि दुकानाचा तो प्रसंग पूर्ण येऊ द्या.

आपली एक वाचक,
परदेशीपुरा, इंदूर