बाबांच्या चोपडीसाठी

प्रा. अँडी क्लार्क यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमचं जे वाचलं ते पुतणीच्या तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या अभ्यासातलं, अडेल तिथे तिला विचारत. तरी हे पत्र लिहायचं मनात घोळत होतं.

माझे बाबा पोस्टातून निवृत्त झाले. चार वर्षं झाली, त्यांना विसर पडतो. सदऱ्याच्या खिशात चोपडी, तिला दोऱ्याने बांधलेलं पेन. 'मंगळवारी दूध जास्त.' 'पांढरी गोळी जेवणाआधी.' 'किल्ली देवघरात, उजव्या हाताला.' गेल्या पावसाळ्यात ती भिजून फुगली. मी नवी आणली, कामाचं तेवढं सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि जुनी रद्दीत टाकली. दोन दिवस बाबा ओसरीवर नुसते बसून होते. नवी वही उघडायचे, मिटायचे. "हे माझं नाही," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आजार वाढला.

त्याच आठवड्यात पुतणीने तुमचा आणि डेव्हिड चाल्मर्स यांचा १९९८ सालचा 'अ‍ॅनालिसिस' या नियतकालिकातला लेख समजावून सांगितला. अवघी १३ पानं. त्यात उदाहरणादाखल दोन कल्पित माणसं आहेत. इंगा न्यूयॉर्कच्या ५३व्या रस्त्यावरचं संग्रहालय आठवून गाठते. तुमचा विसरभोळा ऑटो वहीत बघून. वही कायम जवळ असेल, हवं ते चटकन सापडत असेल, तिच्यावर डोळे मिटून भरवसा असेल आणि त्यातलं कधीकाळी त्याने स्वतः पटवून घेतलेलं असेल, तर ती त्याची स्मृतीच, असं तुम्ही म्हणता. ही शेवटची अट ऐकली आणि माझं सुवाच्य अक्षर डोळ्यांपुढे आलं. बाबांनी त्यातलं काहीच लिहिलं नव्हतं.

वही हे मनाचं साधन, मन नव्हे, असा आक्षेप तुमच्यावर घेतला जातो, हेही पुतणीने सांगितलं. त्या वादात पडायची माझी पात्रता नाही. पण लेखाच्या अखेरीस तुम्ही लिहिलंय की, कुणाच्या भोवतालात ढवळाढवळ करणं हे काही वेळा त्या माणसालाच हात घालण्याइतकं गंभीर असतं. ते मी घरात घडताना पाहिलंय.

रद्दीवाला अजून यायचा होता. चोपडी काढली, पानं पंख्याखाली वाळवली. आता बाबा स्वतःच रोज एक पान नव्या वहीत उतरवतात. त्याला तासभर लागतो. मी मध्ये बोलत नाही.

तुमचं आणखी एक मला फार जवळचं वाटलं, कारण आमचं घर खाडीकाठी आहे. आधी जमीन, मग झाड, असं आपण धरून चालतो. पण खारफुटी उथळ पाण्यात मूळ धरते, मुळांत गाळ अडकतो आणि मग जमीन होते. शब्दही कधी आधी येतो आणि विचार त्याभोवती साचतो, असं तुम्ही लिहिलंत. काल बाबांनी जुन्या पानावरून 'मनीऑर्डर' हा एकच शब्द उतरवला. पेन तसंच धरून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पलीकडच्या वाडीतल्या म्हातारीला मी पैसे मोजून द्यायचो. ती गूळपाणी दिल्याशिवाय सोडायची नाही." वाडीचं नावही सांगितलं.

तुमचे फार फार आभार.

आपला ऋणी,
बाबांचा थोरला